पंडिता रमाबाईंच्या शाळेत मुली काय शिकत?

स्मरणिकेसाठी एका थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे मंडळाच्या भगिनींनी मला सांगितले, तेव्हा मी पंडिता रमाबाईंचे नाव घेतले. त्याला कारण आहे. जून जवळ आला की आपल्या ठाकुर्लीत घरोघर एकच विषय असतो, मुलीला कोणत्या शाळेत घालावे? मिशनची शाळा म्हटली की चांगले इंग्रजी आणि कडक शिस्त एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु आपल्याच एका मराठी स्त्रीने ख्रिस्ती झाल्यावर जी शाळा उभारली, तिच्यातील विषयांची यादी वाचून मी तरी थक्क झाले. ती यादी समजायची, तर आधी बाईंचे आयुष्य समजून घ्यायला हवे.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवले म्हणून त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला, पण ते मागे हटले नाहीत. पुढे आई लक्ष्मीबाईंनीच रमाबाईंना शिकवले. पहाटे झोपेतल्या लेकीला गोंजारून उठवायचे आणि दिवस उजाडण्याच्या आत पाठ द्यायचा, असा त्या माउलीचा नेम होता. अशा रीतीने भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना मुखोद्गत झाले. हे सारे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराण सांगत गावोगाव हिंडे.

मग दुष्काळ आला. पुराणाला दक्षिणा देणार कोण? पोटासाठी काही हातकाम करावे, तर ते घरात कुणालाच येत नव्हते. व्यवहारातले कसलेच शिक्षण नव्हते. उपासमारीने आणि आजाराने वडील, आई आणि थोरली बहीण थोड्याथोड्या अंतराने गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास तेवढे मागे राहिले. हातात कसब नसल्याने आपल्या माणसांचे कसे हाल झाले, हे बाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांच्या शाळेचा पाया इथेच घातला गेला.

पायी देश फिरत ही भावंडे 1878 साली कलकत्त्याला पोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची विद्वत्ता पाहून त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. 1880 साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला, पण 1882 च्या आरंभी पतीही गेले. वय अवघे तेवीस आणि पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी! त्याच साली पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. आपल्यासारख्या महिला मंडळांची ती थोरली बहीणच म्हणायची. सरकारच्या हंटर कमिशनपुढे साक्ष देताना मुलींना शिकवण्यासाठी स्त्री-शिक्षिका हव्यात आणि बायकांना औषधपाणी करण्यासाठी स्त्री-डॉक्टर हव्यात, असे त्यांनी सांगितले.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तेथे त्यांनी मुलीसह ख्रिस्ती धर्म स्वीकारला. इकडे मोठी खळबळ उडाली. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवीत आणि स्वतः गणित, शास्त्र, इंग्रजी वाङ्मय शिकत. ज्या विषयांचा लहानपणी वाराही लागला नव्हता, ते त्या पंचविशी उलटल्यावर शिकू लागल्या.

यानंतरचा प्रसंग आपल्या फार जवळचा आहे. ठाकुर्लीच्या पुढचेच स्टेशन कल्याण, आणि त्या कल्याणची लेक आनंदीबाई जोशी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे 11 मार्च 1886 रोजी डॉक्टर झाली. नात्याने दूरच्या असलेल्या रमाबाई त्या समारंभाला मुद्दाम इंग्लंडहून गेल्या. तेथेच त्यांनी बालोद्यान पद्धतीचा, म्हणजे लहान मुलांना खेळातून शिकवण्याच्या रीतीचा अभ्यास केला. 1887 साली त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. आपल्या स्त्रियांना तीन गोष्टींची गरज आहे, असे त्यात त्यांनी मांडले. स्वावलंबन, शिक्षण आणि आपल्याच देशातल्या शिक्षिका. स्वावलंबनाला त्यांनी पहिले स्थान दिले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

11 मार्च 1889 रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई ही बालविधवा होती. पुढे धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या, त्या ह्याच. पुढच्या वर्षी सदन पुण्यास गेले. तेथे धर्म हा विषय अभ्यासक्रमात नव्हता आणि प्रत्येकीने आपापला धर्म पाळण्यास मोकळीक होती. परंतु बाईंच्या खाजगी प्रार्थनेला काही मुली येऊन बसू लागल्या. बाईंचे म्हणणे असे की, माझे दार मी कुणाला बंद करणार नाही. पालकांना वाटले की, आपल्याला दिलेला शब्द मोडला. 1893 मध्ये वाद विकोपाला गेला. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे पाठीराखे दूर झाले आणि पुष्कळ मुली काढून नेण्यात आल्या. त्या आईबापांची धास्ती मला खोटी वाटत नाही. पण घरी नेलेल्या त्या विधवा मुलींच्या शिकण्याचे पुढे काय झाले असेल, हा विचारही मनातून जात नाही.

बाई डगमगल्या नाहीत. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे निराधार बायका-मुलींना घेऊन आल्या. कल्याणहून पुण्याकडे जाणारी आपली रेल्वे घाट चढून पुढे दौंडच्या वाटेला लागते, त्या वाटेवर केडगाव आहे. तेथील माळरानावर 1898 मध्ये मुक्ती सदन उभे राहिले. ही संस्था उघडपणे ख्रिस्ती होती. 1900 च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

आता ती विषयांची यादी पाहा. वाचन, लेखन, गणित तर होतेच. वाङ्मयाचे धडे निवडताना मनात दया आणि सहानुभूती उपजेल, असे निवडत. शरीरशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र शिकवीत, ते मुलींना आपले शरीर व भोवतालची सृष्टी कळावी म्हणून. त्या काळी, जेव्हा मुलीने शरीराविषयी ब्र काढणेही अमर्याद समजले जाई! याखेरीज हातकाम प्रत्येकीला होते. शिवण, विणकाम, भरतकाम, शेती, बागकाम, दूधदुभते आणि तेलघाणा तर होताच, शिवाय सुतारकाम, गवंडीकाम आणि छपाईही होती. ज्यांचा कल असेल त्यांना शिक्षिकेचे शिक्षण मिळे. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवीत. मनोरमाबाई शिकून आल्यावर आईच्या बरोबरीने शाळा सांभाळू लागल्या.

रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर केले. त्याचे खिळे जुळवण्यापासून छापण्यापर्यंतचे काम मुक्तीतल्या बायकांनीच केले. दुष्काळात हाडांचा सापळा होऊन आलेल्या, अक्षर न ओळखणाऱ्या मुलींपैकीच त्यांतल्या कित्येकजणी होत्या. धर्माविषयी आपले मत काही असो, या कामाला हात जोडावेसेच वाटतात.

1919 साली सरकारने बाईंना कैसर-ई-हिंद पदक दिले. 1921 मध्ये मनोरमाबाई वारल्या. त्या दुःखातही भाषांतराचे काम पुरे करून 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनी देह ठेवला. केडगावची संस्था आजही चालू आहे.

भगिनींनो, शाळेचे माहितीपत्रक हातात आले की आपण फी पाहतो, गणवेश पाहतो, इंग्रजी आहे ना ते पाहतो. ते सारे पाहावेच. परंतु वाईट दिवस आले तर या विषयांतला कोणता विषय माझ्या मुलीच्या हाताला काम देईल, हेही शाळेत जाऊन विचारावे. स्वतःच्या शरीराविषयी तिला तिथे नीट सांगतील का, आणि दुसऱ्याचे दुःख तिला कळेल असे काही वाचायला देतील का, याचीही चौकशी करावी. मी तरी माझ्या नातीच्या प्रवेशाच्या वेळी हे विचारणार आहे.