जॉन डाल्टन ह्यांचे डोळे

जॉन डाल्टन ह्यांचा जन्म इ. स. १७६६ मध्यें इंग्लंडांतील ईगल्सफील्ड नांवाच्या खेड्यांत, क्वेकर पंथाच्या एका विणकराच्या घरीं झाला. वयाच्या बाराव्या वर्षींच ते गांवच्या शाळेंत शिकवूं लागले. पुढें मँचेस्टर शहरीं राहून त्यांनीं अणुसिद्धांत मांडिला व मोठी कीर्ति मिळविली.

इ. स. १७९२ मध्यें त्यांस आढळलें कीं, जिरेनियमचें गुलाबी फूल आपणांस दिवसां निळें, पण मेणबत्तीच्या उजेडांत तांबडें दिसतें. इतरांस असा पालट दिसेना. त्यांच्या सख्ख्या भावास मात्र दिसे. हें आपलें वैगुण्य त्यांनीं इ. स. १७९४ मध्यें विद्वानांच्या सभेपुढें निःसंकोचपणें मांडिलें. डोळ्यांतील रस निळसर असल्यानें असें होतें, असें त्यांचें मत होतें. तें खरें कीं खोटें हें पाहण्यासाठीं मरणोत्तर आपले डोळे तपासावे, असें त्यांनीं सांगून ठेविलें.

इ. स. १८४४ मध्यें ते वारले. डोळे तपासतां रस स्वच्छ निघाला. मत चुकलें होतें! परंतु डोळ्यांचे अंश जपून ठेविले गेले. इ. स. १९९५ मध्यें शास्त्रज्ञांनीं ते तपासले, तेव्हां हिरव्या प्रकाशाची जाणीव देणारें जनुक त्यांत नाहीं असें दिसलें. असें वैगुण्य बहुधा आईकडून मुलास येतें, आणि आईस स्वतःस रंग नीट दिसतात. ह्यांत दोष कोणाचाच नाहीं.

प्रिय वाचकहो, स्वमताहून सत्य थोर मानणाऱ्या ह्या पुरुषाची नम्रता आपल्या अंगीं येवो.