लक्ष्मणरावांचा लोखंडी नांगर

काळ्या जमिनीत हरळी एकदा माजली, म्हणजे ती सहजासहजी हटत नाही. तिच्या मुळ्या खोल जातात व एकमेकींत गुंतून मातीला घट्ट धरून ठेवतात. लाकडी नांगर अशा जमिनीस वरवर चिरीत जातो; माती उलथून मुळ्या उन्हात टाकणे त्याच्याने होत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रातील बहुतेक शेतकऱ्यांजवळ हाच नांगर होता. लोखंडी नांगर परदेशांतून येत, पण ते गरिबाच्या आवाक्याबाहेरचे होते. हा नांगर आपल्याच देशात तयार करावा, असे ज्यांच्या मनाने घेतले ते लक्ष्मणराव किर्लोस्कर होत.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत नाटकाचे आद्य प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. लक्ष्मणरावांचे वडील काशीनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक होते. परंतु मुलाचे चित्त पुस्तकांपेक्षा चित्रांत व यंत्रांत अधिक रमे. वडिलांच्या मनात नसताही वडीलबंधू रामूअण्णा यांच्या पाठबळाने ते १८८५ साली मुंबईस चित्रकला शिकावयास गेले. तेथे एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. काही रंगांतील भेद लक्ष्मणरावांच्या डोळ्यांना ओळखताच येत नव्हता! ज्याला चित्रकार व्हावयाचे त्याच्यावर याहून मोठी आपत्ती कोणती? त्यांनी रंग बाजूस ठेवले. पण रेषा सोडली नाही. यंत्रांची रेखाचित्रे काढण्यास रंगांची गरज नसते. या विद्येत ते इतके तरबेज झाले, की मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना शिक्षकाची नोकरी मिळाली. तेथील यंत्रे पाहावी, त्यांची पुस्तके वाचावी, एखादे यंत्र खोलून पुन्हा जोडावे, हाच त्यांचा खरा अभ्यास.

१८९७ साली बढतीची वेळ आली, तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला व ते बेळगावास परतले. याच वर्षी दूर जर्मनीत रूडॉल्फ डिझेल या यंत्रज्ञाचे नव्या तऱ्हेचे इंजिन कसोटीस उतरले होते. त्या इंजिनाशी आपल्या घराण्याचा पुढे केवढा संबंध यावयाचा आहे, याची बेळगावात सायकलींचे दुकान चालविणाऱ्या या दोघा भावांना कल्पना असणे शक्य नव्हते.

सायकली विकणे व दुरुस्त करणे हा उदरनिर्वाहाचा मार्ग होता; मनात यंत्रेच होती. प्रथम त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. नंतर १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर हाती घेतला. हे काम दिसते तितके सोपे नाही. ओतीव लोखंड सावकाश निवले तर ते मऊ राहते, आणि मऊ फाळ खड्यांवर घासून लवकर झिजतो. ते झपाट्याने निवले तर कठीण होते. पण असा फाळ दगडावर आपटताच काचेसारखा तुटतो. टोक कठीण हवे आणि अंगात चिवटपणाही हवा! हे रहस्य शिकविणारा गुरू जवळ नव्हता. पुस्तके वाचावी, ओतून पाहावे, मोडले की पुन्हा ओतावे, अशी ती शाळा होती.

नांगर तयार झाला. पण तो घेणार कोण? लोखंडाने जमिनीला विष चढते व पीक बुडते, अशी समजूत खेड्यापाड्यांत होती. शेतकऱ्याला त्याबद्दल हसणे योग्य नव्हे. एक हंगाम बुडाला तर त्याचे घरदार उपाशी राही. मग नव्या अवजारावर त्याने चटकन विश्वास का ठेवावा? आरंभी केलेले थोडेसे नांगर खपावयास दोन वर्षे लागली. पुढे ज्यांनी ते वापरले त्यांच्या शेतांतील हरळी हटू लागली, आणि जे काम बोलण्याने झाले नव्हते ते शेजारच्या शेताने केले.

इतक्यात दुसरे संकट आले. बेळगावच्या नगरपालिकेने वस्ती वाढविण्यासाठी कारखान्याची जागा मागितली. यंत्रे, भट्टी, कामगार यांना घेऊन जावे कोठे? या वेळी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस धावले. ते स्वतः उत्तम चित्रकार होते. लक्ष्मणरावांचे कसब त्यांस ठाऊक होते. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ ३२ एकर जमीन दिली व द्रव्यसाहाय्यही केले.

जमीन कसली, निवडुंगाचे रान ते! पाण्याचे दुर्भिक्ष आणि नागसापांचा सुळसुळाट. १९१० साली लक्ष्मणराव मूठभर सहकारी व त्यांची कुटुंबे घेऊन तेथे उतरले. रामूअण्णांनी वसाहतीची आखणी केली, शंभूराव जांभेकर यंत्रांकडे पाहू लागले, मंगेशराव रेगे यांनी हिशेबाचा भार उचलला. निवडुंग तोडून घरे उभी राहिली. पुढे स्थानकाचेही नाव बदलून किर्लोस्करवाडी झाले. या वसाहतीत लक्ष्मणरावांनी अस्पृश्यता पाळू दिली नाही. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर त्यांनी रात्रीच्या पहाऱ्याचे काम सोपविले. अनेकांना हा शुद्ध अविचार वाटला असेल. परंतु त्या माणसांनी विश्वास राखला.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी नांगर येईनासे झाले व वाडीच्या नांगरांना मागणी वाढली. पण कच्चे लोखंड आणि कोळसा यांचीही टंचाई झाली. त्या काळातून कारखाना तरून गेला. १९२० साली त्याची मर्यादित कंपनी झाली. उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, आणि १९२६ च्या सुमारास विहिरीचे पाणी उपसणारे पंप तेथे तयार होऊ लागले.

पंप झाला, तरी तो फिरविणार कोण? बैल मोट ओढतील. परंतु पंपाला हवा असलेला वेग त्यांच्या अंगी नाही. खेड्यात वीज नव्हती. येथे डिझेलच्या इंजिनाची खरी गरज होती. या इंजिनाच्या नळकांड्यात दट्ट्या हवेला इतकी दाबतो, की ती अतिशय तप्त होते. त्या हवेत तेलाचा फवारा सोडताच ते ठिणगीवाचून पेटते व दट्ट्याला मागे रेटते. नळकांडे जितके मोठे, तितकी हवा व तेल अधिक मावते आणि एका फेऱ्यात मिळणारा रेटाही जबर असतो. म्हणूनच जमीन नांगरणाऱ्या ट्रॅक्टरला मोठ्या नळकांड्यांची इंजिने बसवितात. मात्र दट्ट्या व नळकांडे यांमध्ये केसाएवढी फट राहिली, तरी हवेचा दाब निसटतो आणि इंजिन चालत नाही. नांगरात खपून जाणारी चूक येथे खपत नाही.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत यंत्रविद्या शिकून १९२६ साली परत आले होते. त्यांच्या पुढाकाराने १९४६ साली पुण्याजवळ खडकी येथे तेलइंजिनांसाठी स्वतंत्र कंपनी स्थापन झाली. तेव्हा लक्ष्मणराव सत्त्याहत्तर वर्षांचे होते. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. तोवर खडकीची इंजिने गावोगावच्या विहिरींवर जाऊन पोहोचली होती, आणि वाडीच्या भट्टीत फाळ ओतण्याचे काम चालूच होते.