विश्लेषण : प्लेगच्या साथीत सावित्रीबाई फुले यांनी काय केले?

गोवराचा रुग्ण निश्चित झाला की आरोग्य कर्मचारी आसपासच्या घरांत सर्वेक्षण करतात, संपर्कातील मुलांची माहिती घेतात आणि राहिलेले डोस देतात. लोकांनी विश्वासाने दार उघडले, तरच हे काम होते. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा हाच विश्वास पणाला लागला होता. त्या साथीत रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले.

साथ पुण्यात कशी आली?

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. काही महिन्यांत साथ पुण्यात पोहोचली. रोगावर खात्रीचे औषध नव्हते. तो पिसवांमार्फत पसरतो, हेही १८९८ पर्यंत कळले नव्हते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला आणि सरकारला तपासणी व विलगीकरणाचे व्यापक अधिकार मिळाले. भीतीपोटी लोक रुग्ण लपवू लागले.

सावित्रीबाई पुढे का आल्या?

३ जानेवारी १८३१ रोजी नायगाव येथे जन्मलेल्या सावित्रीबाईंनी १८४८ पासून पुण्यात जोतीरावांबरोबर मुलींच्या शिक्षणाचे काम केले. १८७६-७७ च्या दुष्काळात या दाम्पत्याने उपाशी मुलांसाठी अन्नछत्रे चालवली. १८९० मध्ये जोतीरावांचे निधन झाल्यावर त्यांनी सत्यशोधक समाजाची धुरा सांभाळली. प्लेग आला तेव्हा त्या ६६ वर्षांच्या होत्या.

दवाखाना कुठे होता?

दत्तक पुत्र डॉ. यशवंत लष्करी सेवेत होते. सावित्रीबाईंनी त्यांना बोलावून घेतले. हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात, गावाबाहेर मोकळ्या जागी दवाखाना सुरू झाला. सावित्रीबाई स्वतः रुग्णांना तेथे आणत. मुंढव्यातील एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवरून आणल्याचे चरित्रकार सांगतात. याच काळात त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

सरकारी मोहिमेत वेगळे काय होते?

रुग्णाला इतरांपासून दूर ठेवायचे, हे दोन्हीकडे सारखेच होते. मात्र मार्चमध्येच प्लेग अधिकारी रँड यांच्या देखरेखीखाली सैनिक घराघरांत शिरून झडती घेऊ लागले. सामान जाळले गेले, स्त्रियांच्या तपासणीवरून संताप उसळला. २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. ससाणे मळ्यातला दवाखाना लहान होता, त्याने साथ थांबली नाही. पण तेथे रुग्णाला न्यायला येणारी व्यक्ती ओळखीची होती.

आज याचा संबंध काय?

गोवराविरुद्ध आज प्रभावी लस आहे. ९ महिने पूर्ण झाल्यावर पहिला आणि १६ ते २४ महिन्यांदरम्यान दुसरा डोस मोफत मिळतो. ताप व पुरळ असलेले मूल घरात असेल तर ते न लपवता कळवावे, म्हणजे शेजारची मुले वाचतात. तसेच सर्वेक्षणाला येणाऱ्यांनी कुटुंबाला धाक न दाखवता नीट समजावून सांगणेही तितकेच गरजेचे आहे.