सोंद्रे नॉरहाइम : टाच बांधणारा माणूस

आपल्या सुलतानपुरात बर्फ म्हणजे गोळेवाल्याच्या गाडीवरचा. त्यामुळे टीव्हीवर हिवाळी ऑलिंपिक लागलं की मुलं हमखास विचारतात, ते लोक पायाला फळ्या बांधून डोंगरावरून घसरतात तर पडत कसे नाहीत? आणि फळी पायातून निघून कशी जात नाही? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलं की आपण नॉर्वे देशातल्या एका गरीब कुळाच्या झोपडीत जाऊन पोहोचतो. त्या माणसाचं नाव सोंद्रे नॉरहाइम. आज त्याची माहिती घेऊ.

सोंद्रेचा जन्म १० जून १८२५ रोजी नॉर्वेच्या टेलेमार्क भागातल्या मॉर्गेडाल या डोंगराळ खेड्यात झाला. घर भूमिहीनाचं. तिकडे त्या काळी अशी पद्धत होती की मोठ्या शेतकऱ्याच्या जमिनीच्या एका कोपऱ्यावर लहानसं घर आणि थोडी जागा मिळायची, त्या बदल्यात मालकाच्या शेतात राबायचं. आपल्याकडचे सालगडी आणि वाटेकरी आठवा, म्हणजे कल्पना येईल. घर स्वतःचं नाही, जमीन स्वतःची नाही. पुढे तो एका जागेवरून दुसऱ्या जागेवर राहायला जात राहिला. त्यातल्याच एका जागेचं नाव नॉरहाइम होतं आणि तेच त्याला आडनाव म्हणून चिकटलं. म्हणजे ज्या नावाने जग त्याला ओळखतं ते नाव भाड्याच्या जागेचं!

मॉर्गेडालमध्ये वर्षातले कितीतरी महिने बर्फ. शेजाऱ्याकडे जायचं, लाकडं आणायची, शिकारीला जायचं, तर पायाला लांब फळ्या बांधूनच. याच फळ्यांना स्की म्हणतात. स्की काही सोंद्रेने शोधली नाही, हे आधी लक्षात घ्या. ती हजारो वर्षं जुनी आहे. पण तेव्हाची स्की सपाटीवर चालायला बरी होती, उतारावर मात्र जिवाशी गाठ. कारण बूट फळीला फक्त बोटांपाशी अडकवलेला असायचा. चामड्याचा किंवा वेताचा एक पट्टा, त्यात बुटाचं पुढचं टोक घालायचं, बस्स. टाच मोकळी. आपण पायात स्लीपर घालून पळायला लागलो की ती जशी फटफट वाजते आणि वळताना पायातून निसटते, तशी गत. त्यामुळे लोक हातात एक लांब जाड काठी धरायचे आणि उतारावर वेग वाढला की त्या काठीवर जवळजवळ बसून ब्रेक लावायचे. वळणं घेणं, उडी मारणं अवघडच.

सोंद्रेला मात्र उताराचंच वेड. शेतीत त्याचं मन फारसं रमत नसे, असं त्याच्याविषयी सांगतात. पोराबाळांना घेऊन तो टेकडीवर असायचा. घराच्या छपरावरून स्कीने उड्या मारायच्या गोष्टीही त्याच्या गावात सांगितल्या जातात. पण त्याच्या हातात सुतारकी होती आणि ती महत्त्वाची ठरली. स्की स्वतः तासायची, टेकडीवर जाऊन चालवून बघायची, घरी येऊन परत तासायची. असा कारागीर आणि खेळणारा एकाच माणसात असला की वस्तू भराभर सुधारते.

त्याने केलेली मोठी गोष्ट म्हणजे टाच बांधली. झाडाच्या ओल्या फांद्या आणि मुळ्या पिळून त्याने दोरीसारखा वेढा तयार केला आणि तो बोटांच्या पट्ट्यापासून मागे नेऊन टाचेभोवती फिरवला. आपल्याकडे बुरूड टोपली विणायच्या आधी बांबूच्या कामट्या पाण्यात भिजवतो, म्हणजे त्या न मोडता वळतात. तसंच हे. या वेढ्यामुळे बूट फळीवर घट्ट बसला, तरी टाच थोडी वर उचलता येत होती. बैलाच्या मानेवर जू असतं, पण जोतं बांधल्याशिवाय ते जू मानेवर टिकत नाही. सोंद्रेचा वेढा म्हणजे स्कीचं जोतं समजा. आता पायाने वळायचं ठरवलं की फळीही वळायला लागली, उडी मारली तरी ती पायाबरोबरच राहिली. बूट आणि फळी जोडणाऱ्या या पकडीला आज बाइंडिंग म्हणतात.

दुसरी गोष्ट फळीच्या आकाराची. सोंद्रेच्या स्की तुलनेने आखूड होत्या. पुढे रुंद, मध्ये कमरेसारख्या बारीक, मागे परत थोड्या रुंद. याचा उपयोग काय, ते वर्गात सहज करून दाखवता येतं. जाड पुठ्ठ्याची एक पट्टी घ्या आणि दोन्ही बाजूंनी मध्यभागी थोडी आत कापा. आता ती टेबलावर तिरकी, कडेवर धरा. दोन्ही टोकं टेबलाला टेकतील, मधला भाग अधांतरी राहील. मधोमध बोटाने दाबा. पट्टी वाकते आणि तिची कड टेबलावर गोलाईत बसते. स्की बर्फावर अशीच वाकते आणि त्या गोलाईवरून माणूस वळतो. हा प्रयोग मुलांना फार आवडतो, परिसर अभ्यासाच्या तासाला घ्यायला हरकत नाही.

इथे एक सांगायला हवं. सोंद्रेला आधुनिक स्कीइंगचा जनक म्हणतात. मध्ये बारीक असलेल्या स्की टेलेमार्कमध्ये त्याच्याही आधी होत्या, आणि तिथले इतरही लोक अशा सुधारणा करत होते, असं अभ्यासक सांगतात. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. तिफणीचा शोध कोणी एकाने लावला असं आपण तरी कुठे म्हणतो? पण फळी, पकड आणि अंगातलं कसब या तिन्ही गोष्टी जुळवून चारचौघांसमोर करून दाखवणारा सोंद्रेच.

ते दाखवायची वेळ १८६८ च्या फेब्रुवारीत आली. नॉर्वेची राजधानी क्रिस्टियानिया, म्हणजे आजचं ओस्लो, इथे स्कीची स्पर्धा होती. मॉर्गेडालपासून अंतर दोनशे किलोमीटरच्या आतबाहेर. आपण इथून अमरावतीला पायी निघावं, साधारण तसं. गाडीभाड्याला पैसे कुठले! सोंद्रे आणि त्याचे साथीदार स्कीवरूनच निघाले, तीन दिवसांत पोहोचले, असं सांगतात. त्याचं वय तेव्हा ४२. संसार, पोरंबाळं असलेला माणूस. समोर तरणी पोरं. काठीवर न बसता तो उतारावरून आला, उडी घेतली, एक पाय पुढे एक मागे करून गुडघ्यात वाकून उतरला आणि हवं तिथे वळून थांबला. पहिला नंबर त्याचाच. त्याच सुमारास आपल्या भागात त्याने १९.५ मीटरची उडी मारल्याची नोंद आहे. क्रिकेटची खेळपट्टी २०.१२ मीटर असते, त्यावरून अंदाज घ्या!

गुडघ्यात वाकून घेतलेल्या त्या वळणाला आजही टेलेमार्क वळण म्हणतात. स्लॅलम हा शब्दही टेलेमार्कच्या बोलीतला, उतारावरची वाट अशा अर्थाचा. सोंद्रेच्या गावचे मिक्केल आणि तोर्युस हेम्मेस्टव्हाइट हे दोघे भाऊ पुढे राजधानीत स्की शिकवू लागले. म्हणजे खेड्यातली विद्या शहर शिकलं.

आता थोडं आजच्याविषयी. तुमच्यापैकी कोणी पुढेमागे गुलमर्गला किंवा उत्तराखंडातल्या औलीला गेलंच, तर तिथे स्की भाड्याने मिळते. मग निवडायची कशी? पुष्कळ जण फळीचा रंग बघतात. आधी बूट बघावा. पायात नीट बसलेला बूट नसेल तर बाकी सगळं वाया. मग फळीची लांबी. नवशिक्याने उभी धरली तर हनुवटीच्या आसपास येईल अशी घ्यावी. आखूड आणि जरा मऊ फळी लवकर वळते. तरबेज माणूस डोक्याएवढी घेतो, कारण वेगात लांब फळी स्थिर राहते. कंबर ७० ते ८५ मिलिमीटरची असेल तर दाबून सारख्या केलेल्या उतारावर ती चांगली चालते. भुसभुशीत खोल बर्फात रुंद फळी हवी, नाहीतर ती रुतते. उन्हाळ्यात नांगरटीच्या ढेकळात सायकल आणि बैलगाडी यांची चाकं कशी वेगवेगळी चालतात, तसंच.

आणि सर्वांत शेवटी पण सर्वांत जपून बघायचं ते बाइंडिंग. सोंद्रेने टाच बांधली खरी, पण पुढे लोकांनी पाय इतका पक्का जखडला की पडल्यावर फळी सुटेना आणि पायाची हाडं मोडू लागली. यावर उपाय काढणाराही नॉर्वेत जन्मलेलाच, यालमार वाम. तो अमेरिकेत स्थायिक झाला होता. १९३७ मध्ये स्की करताना त्याचा पाय मोडला आणि दवाखान्यात पडल्या पडल्या त्याला पाय पिळला गेला की आपोआप सुटणारी पकड सुचली. आजचं बाइंडिंग त्याच विचारावर चालतं. त्यावर एक आकडा लावलेला असतो. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कसब यांवरून तो ठरतो. आकडा लहान तर पकड लवकर सुटते, मोठा तर उशिरा. लहान मुलाला मोठ्या माणसाचा आकडा ठेवला तर पडल्यावर पकड सुटणार नाही, पाय मोडेल. म्हणून भाड्याने देणाऱ्याने वजन विचारलं तर लाजून चार किलो कमी सांगू नये! खरं तेच सांगावं आणि आकडा आपल्यासमोर लावून घ्यावा.

परत सोंद्रेकडे येऊ. इतकं नाव झालं, पण घरची गरिबी हटली नाही. बक्षिसाने जमीन थोडीच मिळते? ज्या १८२५ साली तो जन्मला त्याच साली नॉर्वेहून अमेरिकेला स्थलांतरितांचं पहिलं जहाज निघालं होतं. पुढच्या शंभर वर्षांत सुमारे आठ लाख माणसं तो देश सोडून गेली. १८८४ मध्ये सोंद्रेही बायको रान्नेई आणि मुलांना घेऊन निघाला. तेव्हा तो साठीला टेकला होता. आपल्याकडून लोक पुण्या-मुंबईला जातात ते दिवाळीला तरी परत येतात. हा परत आला नाही.

आधी मिनेसोटा, मग नॉर्थ डकोटा. तिथे जमीन मिळाली, पण कशी? नजर पोहोचेल तिथपर्यंत सपाट. बर्फ मॉर्गेडालसारखाच भरपूर, पण उतार नाही. उतारावर ज्याने आयुष्य घालवलं त्याला अखेर सपाटी मिळाली. तरी दाराशी त्याच्या स्की उभ्या असायच्या, असं तिथले लोक सांगत. ९ मार्च १८९७ रोजी तो वारला. डेनबिग गावाजवळच्या नॉर्वेजियन चर्चच्या स्मशानात त्याला पुरलं. कित्येक वर्षं त्या जागेवर नावाचा दगडसुद्धा नव्हता. १९६० च्या दशकात ती जागा शोधून तिथे खूण उभारली गेली.

त्याआधी १९५२ मध्ये ओस्लोला हिवाळी ऑलिंपिक भरलं. ज्योत कुठून आणायची, असा प्रश्न आला. ती ग्रीसहून आणली नाही. मॉर्गेडालच्या ज्या झोपडीत सोंद्रे जन्मला तिथल्या चुलीत १३ फेब्रुवारीला ती पेटवली आणि ९४ जणांनी हातोहात स्कीवरून ओस्लोला नेली. ज्या वाटेने सोंद्रे १८६८ मध्ये राजधानीला गेला होता, साधारण त्याच दिशेने. शेवटी मैदानात ज्योत घेऊन आला एगिल नान्सेन, स्कीवरून ग्रीनलंड पार करणाऱ्या फ्रिट्यॉफ नान्सेनचा नातू. पुढे १९६० च्या अमेरिकेतल्या हिवाळी ऑलिंपिकची ज्योतही मॉर्गेडालमध्येच पेटली.