आकाशातील आगगाडीचा धनी

मामा अत्यवस्थ असल्याचा फोन आला आणि मी त्याच दिवशी सांबरे विमानतळावरून बेंगळुरूला निघालो. शेजारच्या गृहस्थांनी महिनाभर आधी तिकीट काढले होते. त्यांनी भाडे सांगितले आणि मी चकितच झालो. माझे तिकीट जवळजवळ दुप्पट! विमान तेच, खुर्ची तशीच; मग हा भेद का? या कोड्याचा माग काढता काढता मला फ्रेडी लेकर भेटले.

लेकर यांचा जन्म १९२२ साली इंग्लंडमधील कँटरबरी येथे, सामान्य घरात झाला. शाळा सोडून ते विमानाच्या कारखान्यात लागले. १९४८-४९ मध्ये बर्लिनची नाकेबंदी झाली, तेव्हा विमानांतून माल पोहोचवून त्यांनी धंद्यात जम बसविला. १९६६ साली स्वतःची प्रवासी कंपनी काढली.

त्या काळी अटलांटिकपारचे भाडे विमान कंपन्यांची 'आयाटा' ही संघटना सरकारांच्या संमतीने ठरवी. स्वस्तात जायचे तर एखाद्या मंडळाचे सहा महिने सभासद असावे लागे. लोक सर्रास खोटे सभासद होत. लेकर यांनी १९७१ मध्ये 'स्कायट्रेन'साठी परवाना मागितला. आगाऊ आरक्षण नाही. रांगेत या, तिकीट घ्या, बसा. जेवणाचे पैसे वेगळे. सरकारशी कोर्टात झगडून अखेर २६ सप्टेंबर १९७७ रोजी त्यांचे विमान लंडनहून न्यूयॉर्कला उडाले. भाडे अवघे ५९ पौंड!

मोठ्या कंपन्यांनी यावर तोड काढली. विमान उडाले की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य. म्हणून थांबू शकणाऱ्याला ती स्वस्तात द्यायची आणि घाईतल्या व्यापाऱ्याकडून पूर्ण भाडे घ्यायचे. एकाच विमानात अनेक भाडी! लेकर यांच्यापाशी पूर्ण भाडे देणारा असा प्रवासी फारसा नव्हता. त्यातच तेल महागले, पौंड घसरला, विमानांचे कर्ज मात्र डॉलरमध्ये. ५ फेब्रुवारी १९८२ रोजी कंपनी बुडाली. २००६ साली लेकर वारले.

माझ्या तिकिटातील जादा रक्कम खुर्चीची नव्हती, माझ्या नडीची होती. आधी तिकीट काढणारा विद्यार्थी स्वस्तात जातो, तो अशा नडलेल्यांच्या जिवावर. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला हा हिशेब पटतो. पण मामांच्या उशाशी बसलो असताना, रांगेतल्या प्रत्येकाला एकच भाव लावणारे ते हरलेले लेकरच मला आपले वाटले.