हेलनचा हट्ट

हेलन केलर हे नाव आपण पुष्कळदा ऐकतो. आंधळी व बहिरी असून ती बी. ए. झाली, एवढे आपल्याला पाठ असते. मला मात्र तिचं लहानपण वाचून जास्त नवल वाटलं. कारण लहानपणी ती भारी दांडगट होती!

हेलनचा जन्म २७ जून १८८० रोजी अमेरिकेत, अलाबामा राज्यातील टस्कंबिया गावी झाला. तेव्हा तिला दिसत होतं, ऐकूही येत होतं. वर्षाची झाली आणि चालू लागली. पाणी हवं असलं की बोबडं बोलून मागायची. एकोणीस महिन्यांची असताना तिला कडक ताप आला. मेंदूच्या आवरणाला सूज आली असावी, असे आता काही जाणकार मानतात. ताप उतरला तेव्हा घरच्यांना केवढा आनंद झाला! पण त्या तापाने तिचे डोळे आणि कान दोन्ही नेले होते.

आता तिने मनातलं सांगायचं कसं? तिने स्वतःच साठेक खुणा तयार केल्या. ओढलं म्हणजे ये, ढकललं म्हणजे जा. पाव हवा असला की सुरीने कापल्यासारखं करायची. पण इतर माणसे तोंड हलवून बोलतात, हे तिला हात लावून कळे. तीही ओठ हलवी. कुणालाच काही समजत नसे. मग लाथा झाडायची, किंचाळायची, दमेपर्यंत.

एकदा तिने आईला कोठीच्या खोलीत कोंडलं. आई दार बडवत होती आणि ही बाहेर पायरीवर बसून त्या हादऱ्यांना हसत होती! जेवताना सगळ्यांच्या ताटांत हात घाली. धाकट्या बहिणीचा पाळणासुद्धा उलटवला. आईने वेळेवर झेललं म्हणून बरं.

३ मार्च १८८७ ला ॲनी सुलिव्हनबाई शिकवायला आल्या. वय अवघं वीस. त्यांचे स्वतःचे डोळे लहानपणी खुपऱ्यांनी अधू झाले होते. चौदाव्या वर्षी बॉस्टनच्या अंधशाळेत गेल्या, तोवर त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनाही हेलनने खोलीत कोंडून किल्ली लपवली. वडिलांनी शिडी लावून बाईंना खिडकीतून काढलं. पण बाई परत गेल्या नाहीत.

५ एप्रिलला हेलनने रागाने बाहुली आपटून फोडली. तिला काहीच वाटलं नाही. मग बाईंनी तिला पंपावर नेलं, एका हातावर पाणी सोडलं आणि दुसऱ्या हातावर बोटांनी पाणी हा शब्द लिहिला. प्रत्येक वस्तूला नाव असतं, हे तिला त्या क्षणी कळलं. घरात येऊन तिने बाहुलीचे तुकडे चाचपले, जोडायला बघितले आणि रडली. केलं ते चुकलं, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

पुढे १९०४ साली ती रॅडक्लिफ कॉलेजातून बी. ए. झाली. हेलनबाई १९५५ साली भारतातही येऊन गेल्या. १ जून १९६८ रोजी त्या वारल्या.

हे वाचताना मला माझा धाकटा भाऊ आठवला. त्याचा कान फुटतो. हाक मारली तर ओ देत नाही, म्हणून मी त्याला धपाटे घालायची. परवा त्याच्या मागे उभी राहून हळूच हाक मारली. त्याने वळून पाहिलं नाही. समोर येऊन तशीच मारली, तर लगेच हसला. आईला सांगितलंय. सोमवारी बाबा त्याला तालुक्याला कान दाखवायला नेणार आहेत.