रावबहादूर धुरंधर : घरादाराचा चित्रकार

कोणत्याही जुन्या वाचनालयात चरित्रांच्या कपाटापुढे उभे राहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. संत, राजकारणी पुरुष, नाटककार आणि गवई यांनीच त्या फळ्या भरलेल्या असतात. चित्रकार त्यांत क्वचितच आढळतो. आपले वाचनालयही याला अपवाद नाही. विद्यार्थिदशेत या कपाटातून मी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे पुस्तक घरी नेले, ते कुणा नटवर्यांच्या आठवणी असाव्यात अशा समजुतीने. उघडून पाहतो तो ते निघाले चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे १९४० साली प्रसिद्ध झालेले आत्मवृत्त. त्या चुकीबद्दल मला कधीच खेद वाटला नाही.

धुरंधरांचा जन्म १८ मार्च १८६७ रोजी कोल्हापूर येथे एका पाठारे प्रभू कुटुंबात झाला. चित्रकलेची ओढ त्यांना मुंबईस घेऊन आली आणि १८९० च्या आरंभी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. त्या वेळी शाळेचे प्रमुख जॉन ग्रिफिथ्स हे होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती विद्यार्थ्यांकडून वर्षानुवर्षे करवून घेणारे ते हेच ग्रिफिथ्स. शिक्षण अर्थातच युरोपीय पद्धतीचे : पुतळ्यांवरून रेखाटन, शरीररचनेचा अभ्यास, छायाप्रकाशाची शिस्त. परंतु आजूबाजूच्या माणसांकडे, त्यांच्या पोशाखाकडे आणि उठण्याबसण्याकडे डोळसपणे पाहावे, अशीही दृष्टी त्या वातावरणात होती. धुरंधरांनी हे दुसरे अंग अधिक मनापासून उचलले, असे मला वाटते.

१८९५ साली बाँबे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले, ते ‘लक्ष्मी, आलीस का?’ अशा अर्थाचे इंग्रजी नाव असलेल्या चित्राबद्दल. या नावातच त्यांच्या कलेचे मर्म आहे. ना राजा, ना रणभूमी. माजघरातून सहज कानी पडावे असे ते बोलणे. युरोपात अशा नित्याच्या जीवनावरील चित्रांची मोठी परंपरा होती. इटलीत दोमेनिको इंदुनो या चित्रकाराने व्हिलाफ्रांकाच्या तहासारखी राजकीय घटनासुद्धा तहाची वार्ता ऐकणाऱ्या सामान्य माणसांच्या चेहऱ्यांवरून दाखविली. आपल्याकडे मात्र चित्र म्हणजे देवादिकांचे किंवा राजेरजवाड्यांचे, अशी समजूत दृढ होती. राजा रविवर्म्यांच्या छापील तसबिरी घरोघर लागण्याचा तो काळ. धुरंधरांनीही पौराणिक चित्रे पुष्कळ काढली आणि शिवराज्याभिषेकाचे त्यांचे चित्र तर महाराष्ट्राच्या स्मरणात बसले. औंधच्या संग्रहालयात त्यांची शिवचरित्रावरील चित्रे आहेत. तथापि माझ्यापुरते विचाराल, तर त्यांच्या देवता थोड्या अवघडल्यासारख्या उभ्या असतात, आणि बाजारातून परतणारी त्यांची साधी बाई मात्र खरोखर चालत असते. डोक्यावरचा पदर, कडेवरचे मूल, लुगड्याचा ओचा, पायांतील जोडवी हे सारे त्यांनी परक्या प्रवाशाच्या कुतूहलाने टिपलेले नाही. घरातल्या माणसाला जे दिसते तेच त्यांच्या कागदावर उतरले.

पुस्तकांसाठी त्यांनी काढलेली चित्रे हा माझ्या विशेष जिव्हाळ्याचा विषय आहे. एडवर्ड्सचे मुंबईच्या गल्लीबोळांवरील पुस्तक आणि रॉथफील्डचे भारतीय स्त्रियांवरील पुस्तक ही दोन्ही त्यांच्या चित्रांमुळेच आज चाळली जातात. परंतु त्यांहून मोलाचे पुस्तक १९१४ साली लंडनहून निघाले. पारसनिसांसमवेत मराठ्यांचा इतिहास लिहिणारे किंकेड यांनी आपल्या श्रावणातील कहाण्या इंग्रजीत आणल्या आणि त्यांना चित्रे दिली धुरंधरांनी. वारांच्या कहाण्या, नागोबाची कहाणी, सोमा परटीण ही सारी मंडळी त्यात आहेत. धारवाडच्या मराठी घरांतून देवापुढे हातात अक्षता घेऊन ऐकलेल्या या कहाण्या ओवरी-अंगणासह चितारलेल्या पाहण्यासाठी आपल्याला एका इंग्रज अधिकाऱ्याचे पुस्तक हाती घ्यावे लागते, ही गोष्ट सुखाची म्हणावी की लाजेची, हे मला अजून ठरविता आलेले नाही.

धुरंधर हयात असतानाच वारे फिरले होते. हॅवेल आणि अवनींद्रनाथ ठाकूर यांच्या प्रभावाने बंगालमध्ये नवी चित्रशैली उदयास आली आणि मुंबईची वास्तवदर्शी कला ही पाश्चात्त्यांची उसनवारी ठरविली गेली. पुढच्या आधुनिकांनी तर त्यांना पुस्तकांतील व पोस्टकार्डांवरील चित्रे काढणारा कुशल कारागीर एवढेच स्थान दिले. या आक्षेपांत तथ्य नाही असे नाही. मी पाहिलेल्या त्यांच्या चित्रांत गोडवा अधिक आहे, चेहऱ्यांची पुनरावृत्ती आहे. १८९६ साली प्लेगने त्यांच्याच मुंबईत थैमान घातले, त्याची छाया मला त्यांत कुठे आढळली नाही. पण उसनवारीचा आरोप मला मान्य नाही. कुंचला धरण्याची रीत परकी असेल. नऊवारीचा काष्टा कसा बसतो, हे कोणत्याही युरोपीय गुरूने त्यांना शिकविलेले नव्हते.

१८९६ साली ते त्याच शाळेत शिक्षक झाले, १९१० मध्ये मुख्याध्यापक. आपला धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि १९५६ पर्यंत तो मुंबईशीच जोडलेला राहिला. त्यामुळे इकडच्या चित्रकला-शिक्षकांच्या दृष्टीनेही कलाशाळा म्हणजे मुंबईची हीच. तेथील शिस्त इकडील शाळांच्या फळ्यांपर्यंत पोहोचली, तीत धुरंधरांच्या पिढीचा वाटा आहे. १९२७ मध्ये सरकारने त्यांना रावबहादूर केले. शाळेची सूत्रे हाती यायला मात्र १९३० साल उजाडावे लागले, तीही हंगामी संचालक म्हणून. त्या पदावर बसणारे ते पहिले भारतीय. चौतीस वर्षे शिकविल्यानंतर, त्रेसष्टाव्या वर्षी मिळालेल्या त्या हंगामी खुर्चीवरून १९३१ मध्ये ते निवृत्त झाले. नव्या दिल्लीच्या सचिवालयातील न्यायखात्याच्या दालनासाठी चित्रे काढण्याचे कामही याच सुमारास त्यांच्याकडे आले होते.

१ जून १९४४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या कन्या अंबिका याही चित्रकार. १९३१ मध्ये त्यांनी त्याच शाळेची पदविका मिळविली आणि २००९ साली निधन होईपर्यंत वडिलांची चित्रे व कागदपत्रे सांभाळली. २०१८ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा मी मुद्दाम धारवाडहून गेलो होतो. एका छोट्या जलरंगचित्रापुढे दोन वृद्ध स्त्रिया बराच वेळ उभ्या होत्या. लुगड्याच्या निऱ्या अशाच पद्धतीने खोचायच्या की अन्य तऱ्हेने, यावर त्यांचा वाद चालला होता. एक म्हणत होती की तिची आजी अगदी अशीच नेसत असे. दुसरीला ते पटत नव्हते. मी दालनाची फेरी पूर्ण करून परत आलो, तरी त्या तेथेच होत्या.